अंगणातलं झाड: पेरूला कात्री लावा हो, घाबरता कशाला!

मागच्या अंकात पेरूवर दोन ओळी लिहिल्या तर प्रश्नांचा ढीगच आला. सगळे घेता येत नाहीत, सारखे वाटले ते एकत्र केलेत.

प्रश्न: ताई, आमच्या टेरेसवर (पुणे) निळ्या ड्रममधे पेरू लावलाय, नर्सरीतून कलम आणलं होतं, तीन वर्षं झाली. झाड मस्त हिरवंगार आहे, माझ्यापेक्षा उंच गेलंय, पण फळ म्हणाल तर गेल्या वर्षी दोन आणि यंदा शून्य. दर पंधरा दिवसांनी खत घालते. अजून कुठलं खत घालू?

उत्तर: अहो खत थांबवा आधी! दर पंधरा दिवसांनी खत मिळाल्यावर झाड कशाला फळाच्या भानगडीत पडेल, ते पानं काढत बसणार. त्यात युरिया किंवा भरपूर नत्र असलेलं काही असेल तर विचारूच नका. वर्षातून दोनदा, छाटणीनंतर आणि फळं सुपारीएवढी झाल्यावर, चांगलं कुजलेलं शेणखत नाहीतर गांडूळ खत दोन-तीन ओंजळी, सोबत मूठभर निंबोळी पेंड आणि थोडी राख, एवढं ड्रमला पुरतं.

पण खरी गोष्ट खताची नाहीये, कात्रीची आहे. पेरूला फूल येतं ते नव्या फुटीवर. जुन्या काडीला जी कोवळी फांदी फुटते तिच्या पानांच्या बेचक्यात कळ्या दिसतात. म्हणजे नवी फूट नाही तर फूल नाही, इतकं सरळ आहे. तुमचं झाड उंच उंच जातंय, फूट फक्त शेंड्याला, बाकी सगळ्या जुन्या काड्या. मेमधे सिकेटर (छाटणीची कात्री) घ्या आणि प्रत्येक फांदीचा शेंडा वीतभर कापा, आतल्या बाजूला गर्दी करणाऱ्या आणि वाळक्या काड्या बुडातून काढा. झाड बोडकं दिसेल, घरातले ओरडतील, ओरडू दे. पहिल्या पावसात अशी फूट निघेल की बघत राहाल, त्यावर जून-जुलैत कळ्या आणि थंडीत फळं. ह्यालाच मृग बहार म्हणतात, आणि थंडीतला पेरू गोडीला सगळ्यात भारी.

अजून एक युक्ती, सरळ वर गेलेल्या लवचिक फांद्या सुतळीने हळूच खाली वाकवून ड्रमच्या कडेला बांधून ठेवा, वाकवलेल्या फांदीवर जागोजागी डोळे फुटतात. शेतकरी बहारासाठी पाणी तोडून ताण देतात ते मात्र ड्रममधे जपून, टेरेसवर एप्रिल-मेच्या उन्हात आठवडाभर पाणी तोडलंत तर बहार राहिला बाजूला, झाडच जायचं. पाणी फक्त थोडं कमी करा. आणि निदान सहा तास ऊन पाहिजे, टाकीच्या सावलीत असेल तर वरचं सगळं वाया.

मी स्वतः पहिली चार-पाच वर्षं झाडाला हात लावला नव्हता, जीवच व्हायचा नाही. झाड पार दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलं आणि पेरू खाल्ले पोपटांनी आणि खारींनी. आता डोक्याच्या वर जाऊ देत नाही.

प्रश्न: पेरूच्या खोडाची साल पापुद्र्यासारखी सुटतेय, आतून हिरवट गुळगुळीत दिसतंय. कुठली फवारणी करू?

उत्तर: कुठलीच नाही. पेरूचं खोड तसंच असतं, साल टाकतच राहतं. फांदी वरून वाळत येत असेल, पानं पिवळी पडून मरगळली असतील तर वेगळं, तेव्हा आधी बुडात पाणी साचतंय का ते बघा.

प्रश्न: आम्ही सावंतवाडीजवळ राहतो, परसात जुनं झाड आहे. श्रावणात पेरूंनी लगडतं पण एकही खाता येत नाही, कापला की आत आळ्या वळवळतात. सासूबाई म्हणतात झाडालाच कीड आहे, तोडून टाका. खरंच तोडायचं का?

उत्तर: सासूबाईंना सांगा झाड निर्दोष आहे! हे काम फळमाशीचं. तुमच्याकडे आंब्यावर असते तीच, आंबा संपला की ती मोर्चा पेरूकडे वळवते. फळ पिकायला लागून रंग बदलला की मादी सालीत टोचून अंडी घालते, बाहेरून बारीक ठिपका सोडला तर काही दिसत नाही. आतल्या आळ्या गर खाऊन मोठ्या होतात, फळ गळून पडतं, आळ्या मातीत शिरून कोष करतात आणि थोड्या दिवसांनी त्यातून नव्या माश्या. म्हणजे झाडाखाली पडलेले पेरू तसेच कुजू देणं म्हणजे माश्यांची पैदास आपल्याच परसात चालवणं.

तेव्हा पडका पेरू रोजच्या रोज उचला. उकिरड्यावर किंवा कंपोस्टात टाकू नका, झाकणाच्या बादलीत पाणी भरून त्यात चार-सहा दिवस बुडवून ठेवा म्हणजे आळ्या मरतील, मग खोल पुरा. झाडाखालची माती अधूनमधून वरवर उकरायची, कोष उघडे पडतात, कोंबड्या असतील तर त्या बाकीचं बघतील.

फळं लिंबाएवढी, हिरवी कडक असतानाच पिशव्या बांधायच्या. तुमच्या पावसात कागदी पिशवीचा लगदा होईल, जुन्या ओढणीच्या किंवा मलमलच्या छोट्या पिशव्या शिवून देठाशी घट्ट बांधा. सगळ्या झाडाला कोण बांधणार, हाताला येतील तेवढ्या फळांना बांधा. बाजारात मिथाईल युजेनॉलचे (वासाने माशी ओढून घेणारे) सापळे मिळतात ते लावा, पण त्यात फक्त नर अडकतात, म्हणून सापळा टांगला आणि झोपलो असं चालत नाही.

आणि मला विचाराल तर पावसाळी पेरूचा मोहच सोडा. तो आंबे बहाराचा, म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या फुलांचा पेरू, पाणचट असतो आणि माशीही तेव्हाच जोरात. ती फुलं खुडून टाका, मेमधे छाटणी करा (वरचं पुण्याचं उत्तर वाचा) आणि थंडीत खा. त्या वेळेला माशी पुष्कळ कमी असते. जुनं झाड फार उंच असेल तर एका वेळी सगळं न कापता दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने खाली आणा.

प्रश्न: बाजारातला एक पेरू फार गोड लागला, त्याच्या बिया लावल्या, रोपं आलीत. तसेच पेरू लागतील ना? आणि मुलगी विचारतेय पेरू हा पेरू देशातून आला का?

उत्तर: रोपं होतील झकास, पण फळ तसंच येईल ह्याची गॅरंटी नाही, बियांचं झाड आईवर जाईलच असं नाही. कधी लॉटरी लागते म्हणा. आपला प्रसिद्ध सरदार पेरू, म्हणजेच एल-४९, हा असाच रोपांतून निवडलेला, पुण्याच्या गणेशखिंड केंद्रात १९२७ साली, बी लखनौचं म्हणून नावात एल. पण ती निवड जाणकारांनी केलेली, आपल्या गॅलरीत तेवढी रोपं कुठे मावणार. सरळ गुटी कलम (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं रोप) आणा, लवकर फळतं आणि जात खात्रीची. आतून गुलाबी हवा असेल तर ललित ही जात मागा.

मुलीला सांगा, झाड अमेरिका खंडातलंच, आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणलं. त्यांच्या भाषेत नासपतीला पेरा म्हणतात, नाव त्यावरून पडलं असं मानतात. गोव्यात अजूनही पेरूला पेर म्हणतात आणि त्याची वडी म्हणजे पेराद.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत असतो. कुंडीतल्या पेरूला उन्हाळ्यात चार फळं आली, आता थंडीत काय करू? इथल्या नर्सरीवाला म्हणाला पायनॅपल ग्वावा घ्या, तो बाहेरच राहतो.

उत्तर: तो पेरू नव्हे! त्याचं नाव फेइजोआ, लांबचा नातेवाईक, थंडी बरीच सोसतो पण चव वेगळी, पेरू समजून खाल तर हिरमोड होईल. आपला पेरू उष्ण हवेतला, कोवळं झाड शून्याखाली दोन अंशांतच गचकतं. रात्री दहा सेल्सिअसच्या आसपास यायला लागल्या की कुंडी आत घ्या, दक्षिणेकडच्या खिडकीत. आणण्याआधी पानांची खालची बाजू बघा, पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण असेल तर साबणाच्या पाण्याने पुसून काढा, नाहीतर घरातल्या सगळ्या कुंड्यांवर जाईल. आत आल्यावर पानं गळतात, घाबरून पाणी वाढवू नका, उलट कमी करा, माती वरून दोन बोटं सुकली की मगच. खत बंद. छाटणी मार्चमधे, आतच. मे महिन्यात बाहेर काढाल तेव्हा पहिला आठवडा सावलीत ठेवा, एकदम उन्हात ठेवली की पानं भाजतात.