जावेच्या मुलीला मी दार लावलं

पत्र थोडक्यात: आमचं कोकणातलं लहान गाव. धाकटे दीर आणि जाऊ दोन वर्षांपासून ख्रिस्ती प्रार्थनेला जातात. यंदा शिमग्यात त्यांनी पालखी घरात घेतली नाही, वर्गणीही दिली नाही. गावकीने त्यांना वाळीत टाकलं. जो बोलेल त्याला पाच हजार दंड. परवा त्यांची दहा वर्षांची मुलगी विरजण मागायला आली आणि मी दार लावून घेतलं. वाटी ओट्यावर ठेवून ती निघून गेली. पण जाऊही मला 'तुमचा देव म्हणजे दगड' म्हणाली होती. मी किती सहन करायचं?

ताई,

तुमच्या मूळ पत्रात देवाबद्दल चार ओळी आहेत आणि त्या वाटीबद्दल पाऊण पान. काय खुपतंय ते तुम्हाला ठाऊक आहे.

'दगड' हा शब्द लागला, लागणारच. सासूबाईंच्या शेजारी उभं राहून त्या पालखीची ओटी भरायला शिकलात तुम्ही. मग हे जावेला तोंडावर सांगा: "तुझा देव तुला लखलाभ, पण माझ्या देवाला माझ्या दारात असं बोलायचं नाही." भांडण झालं तर होऊ दे, जावांची भांडणं काय नवी आहेत? पालखी न घेणं मात्र वेगळं. घटनेचं २५वं कलम तिला तिचा धर्म मानायची, पाळायची मोकळीक देतं. ओवाळायची सक्ती तिच्यावर नाही, प्रार्थनेला बसायची तुमच्यावर नाही.

आता गावकी. तुम्ही आपणहून जावेशी अबोला धरलात तर तो तुमचा प्रश्न. ठराव करून, दंडाची भीती घालून अख्ख्या गावाची तोंडं बंद करणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६चा कायदा जुलै २०१७पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. (मुंबई राज्याने १९४९ साली असाच एक कायदा केला होता. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या अर्जावर सुप्रीम कोर्टाने तो १९६२ साली रद्द केला. बहिष्कृत करणं हाही धर्मस्वातंत्र्याचाच भाग ठरला. मला तो निकाल कधी पटला नाही.)

तुमचे यजमान म्हणतात, गावाला सोडून कसं चालेल. खरंच आहे, त्यांना एकट्याला गावाशी लढायला लावू नका. पुढच्या बैठकीत त्यांनी एवढंच विचारावं: "दंडाची पावती मिळेल ना? मग ठराव वहीत लिहा आणि खाली सह्या करा." सहीला कोण पुढे येतं ते बघा.

तक्रार करायची की नाही हे दीर-जावेनं ठरवायचं. पोलिसांत जाता येतं, थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही. त्यांच्या वतीनं तुम्ही परस्पर काही करू नका. मात्र उद्या साक्षीला बोलावलं तर काय सांगाल, याचं नवराबायकोत आजच बोलून ठेवा.

आणि ती वाटी अजून तुमच्याकडेच असेल. मागच्या गडग्यावरून, तिन्हीसांजेला, पदराखालून देऊ नका. दिवसाउजेडी विरजण घालून पुढच्या दारानं जा, आणि ती मुलीच्याच हातात द्या.