नाताळ २५ला सुरू होतो रे

काय रे पोरा,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. मागच्या नाताळात रात्रीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, उभा होतास पण आत काही म्हणजे काहीच वाटलं नाही, म्हणून यंदा चर्चच्या युथ ग्रुपमधून नाव काढून घेऊ का असं विचारतोयस. नाव बिव काही काढू नकोस. आधी सांग, त्या आठवड्यात झोपला किती होतास? पहाटेपर्यंत गोठ्याची, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याची, लायटिंग, सकाळी वसईहून लोकल पकडून काम, संध्याकाळी कॅरल्सचा टेम्पो आणि परत गोठा. असा माणूस मिस्सात पेंगणारच, त्यात श्रद्धा गेली बिली काही नसतं.

पण एक गोष्ट मला आपल्या सगळ्यांचीच खटकते. आपण नाताळ १ डिसेंबरला सुरू करतो आणि २५ला दुपारी जेवून ढेकर दिला की संपवतो. चर्चचं कॅलेंडर नेमकं उलटं आहे. आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीचे, चार रविवार वाट बघायचे, म्हणून फादर जांभळी वस्त्रं घालतात, दर रविवारी एकेक मेणबत्ती वाढते, तिसऱ्या रविवारची तेवढी गुलाबी. तू कॉयरमध्ये आहेस, तुझ्या लक्षात आलंच असेल की या चारही रविवारी ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत गात नाहीत. तो राखून ठेवलेला असतो, कारण बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानात बाळ जन्मल्यावर त्या रात्री देवदूतांनी मेंढपाळांसमोर गायलेल्या शब्दांनीच तो सुरू होतो. चार रविवार न गायलेला ग्लोरिया २४च्या रात्री घंटांसकट परत येतो तेव्हा अंगावर काटा यायला पाहिजे, पण आपण तोवर मॉलमध्ये, ऑफिसच्या पार्टीत, टेम्पोवर ऐकून ऐकून कान किटवून घेतलेले असतात.

म्हणून कॅरल्सला जाऊ नको असं नाही म्हणत मी, म्हातारी माणसं दारात खुर्ची टाकून तुमची वाट बघतात. फक्त स्वतःसाठी एखादी गोष्ट राखून ठेव. गोठ्यातला बाळ येशूच घे ना, कापडात गुंडाळून कपाटात ठेव, २४च्या रात्रीपर्यंत गव्हाण रिकामी दिसू दे. गोठ्यांच्या स्पर्धेचे परीक्षक आधी येऊन मार्क कापतील? कापू देत.

आणि गोठ्याचं म्हणशील तर १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावात संत फ्रान्सिसने देखावा केला तेव्हा होतं काय, तर गव्हाणीत गवत, एक बैल, एक गाढव आणि तिथेच मिस्सा. धबधब्याची मोटर नव्हती. तुम्ही पोरं धबधबा करणारच, करा बाबा, पण हिरवळ विकत आणू नका. दोन आठवडे आधी ताटात माती घालून नाचणी पेर आणि रोज सकाळी मोबाइल हातात घ्यायच्या आधी तिच्यावर पाणी शिंपड. सुरुवातीला काही दिसत नाही, मग केसासारखे पांढरट कोंब, मग बघता बघता हिरवंगार. पाणी घालताना एक प्रार्थना म्हण, पाठ असलेली चालेल.

पापनिवेदन, म्हणजे फादरांपुढे आपली पापं कबूल करणं, पहिल्याच आठवड्यात उरकून घे, २३ला लाइनही मोठी आणि फादरही दमलेले. उरकून म्हटलं तरी तयारी करून जा हं. आणि ड्रिंक्सचं, मी काही फार सोवळी नाही, पण २४ला मिस्साआधी ‘थंडीसाठी जरा’ म्हणून मित्रांबरोबर बसायचं नाही. मिस्सात मिळणाऱ्या ख्रिस्तप्रसादाआधी एक तासाचा उपास असतो, त्यात पाणी आणि औषध चालतं, बिअर यातल्या कशातच बसत नाही एवढं त्यांना सांग.

खरी शांत वेळ तुला २५ नंतर मिळेल. तेव्हा स्पर्धा संपलेली, निम्मी वसई अर्नाळ्याला नाहीतर गोव्याला, आणि चर्चमध्ये मात्र नाताळ चालूच. २६ला संत स्तेफन, पहिला हुतात्मा. २८ला हेरोदाने मारलेली निष्पाप बालकं. १ जानेवारीला मरियेचा सण, जो आपण बाराला फटाके फोडून सकाळी झोपून घालवतो. जानेवारीतल्या प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत नाताळकाळ असतो. तेव्हा २६पासून रोज संध्याकाळी दहा मिनिटं गोठ्यासमोर बस, लाइट चालू असू दे, फोन आत ठेव, लूकचा दुसरा अध्याय थोडा थोडा वाच. काही वाटलं तर ठीक, नाही वाटलं तरी दुसऱ्या दिवशी बस.

अजून एक. यंदा तुमच्या घरात आजी नाही. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करताना मम्मीला रडू येणार, तिला ‘सणासुदीला रडू नको’ असं काही सांगायला जाऊ नकोस, शेजारी बस आणि सारण भर. त्या संध्याकाळी गोठ्याला दांडी मारलीस तरी चालेल, तुमच्या लीडरला मी बघते.

तुझी,
टीचर