खताच्या चहाला वास का सुटतो?

प्रश्न: टिळकवाडीत गच्चीवर तीसेक कुंड्या आहेत. गांडूळ खताचा चहा घरी करायचा आहे. प्रमाण आणि कृती सांगा. (बेळगाव)

खताचा चहा म्हणजे खतातले उपयोगी जंतू हवा सोडलेल्या पाण्यात वाढवून तयार केलेलं पाणी. रंगाची २० लिटरची रिकामी बादली स्वच्छ धुऊन घ्या आणि त्यात १५ लिटर पाणी भरा. वरची जागा फेसासाठी लागते. नळाचं पाणी राकसकोपचं असो वा हिडकलचं, त्यात क्लोरीन असतंच. क्लोरीन जंतू मारण्यासाठी घालतात आणि आपल्याला तर जंतूच वाढवायचे आहेत. म्हणून पाणी रात्रभर उघडं ठेवा, नाहीतर आधी दोन तास त्यात नुसती हवा सोडा. विहिरीचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी लगेच वापरता येतं.

फिश टँकचा दोन तोंडांचा एअर पंप घ्या. मिनिटाला चार-पाच लिटर हवा देणारा हवा, त्याहून लहान पुरत नाही. दोन्ही एअर स्टोन (नळीच्या टोकाचे, बुडबुडे सोडणारे सच्छिद्र दगड) बादलीच्या तळाशी ठेवा. पाणी भाताला आधण आल्यासारखं सगळीकडून ढवळलं गेलं पाहिजे. एका कोपऱ्यात चार बुडबुडे येऊन भागत नाही.

एक किलो पूर्ण मुरलेलं गांडूळ खत मच्छरदाणीच्या दुहेरी कापडात सैल बांधा आणि पोटली एका स्टोनच्या वर लोंबती ठेवा. जुन्या साडीचं कापड वापरू नका. त्याची वीण दाट असते, बुरशीचे धागे आतच अडकतात. गूळ फक्त १५ ग्रॅम, कोमट पाण्यात विरघळवून घाला. पंप २४ तास चालवा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ३० ते ३६ तास लागतात, एप्रिलमध्ये १८ तासांत काम होतं. चहा झाला की पावसाच्या पहिल्या सरीनंतर येतो तसा मातीचा वास येतो आणि रंग कोऱ्या चहासारखा होतो. फेस आला नाही तरी काळजी नको, फेसावरून काहीच ठरत नाही.

पंप बंद केल्यावर चार तासांच्या आत चहा वापरून टाका. बाटलीत भरून ठेवायची ही वस्तू नाही. मुळांना द्यायचा असेल तर एक भाग चहा आणि पाच भाग बिनक्लोरीनचं पाणी, १२ इंची कुंडीला एक लिटर. पानांवर मारायचा असेल तर दहा भाग पाणी घाला, आधी गाळून घ्या म्हणजे फवारणीच्या पंपाची नोझल तुंबणार नाही. फवारणी ऊन उतरल्यावर करा आणि पानांच्या खालच्या बाजूलाही मारा. पंधरा दिवसांतून एकदा पुरे.

प्रश्न: चहा सडक्या अंड्यासारखा घाण मारतोय. जोर यावा म्हणून दोन मुठी ताजं शेण आणि पाव किलो गूळ घातला होता. रात्री दोन तास लाईट गेली होती. झाडांना घालू का? (खानापूर)

घालू नका. दोष एक नाही, तीन आहेत आणि तिन्ही एकाच ठिकाणी येऊन मिळतात. पाव किलो गूळ म्हणजे जंतूंना जत्रेचं जेवण. ते भराभर वाढतात आणि पाण्यातला प्राणवायू पंपाने भरून येण्याआधीच संपवतात. त्यात पंप बंद पडला की हवेवर जगणारे मरतात, हवेविना जगणारे माजतात, आणि वास त्यांचाच. या पाण्याने कोवळी मुळं जळतात. ते कंपोस्टच्या ढिगावर ओता, वर पालापाचोळा पसरा. ताजं शेण जीवामृतात (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेल्या खतात) चालतं, या चहात नको. त्यातले पोटाचे रोगजंतूही गुळावर पोसले जातात.

लाईट पहिल्या पाच-सहा तासांत तासभर गेली तर फारसं बिघडत नाही, तेव्हा जंतू थोडे असतात. शेवटच्या टप्प्यात मात्र अर्धा तासही भारी पडतो. तेव्हा लाईट जाणार असल्याची सूचना असेल त्या दिवशी चहा करायला घेऊच नका, किंवा बॅटरीवरचा पंप जवळ ठेवा. पंप नेहमी पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर लाईट जाताच नळीतून पाणी उलटं चढून पंपात शिरतं.

एअर स्टोन आणि नळी हाताने चाचपून पाहा. बुळबुळीत लागली तर आत जुना थर बसलाय. दर वेळी लगेच साबणाने घासून उन्हात वाळवा, नाहीतर पुढची बादलीही तशीच सुटेल.

आणखी एक. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात जुलै-ऑगस्टला चहा ओतणं वाया जातं, सगळा वाहून जातो. उघाडीची वाट पाहा.

प्रश्न: महिनाभर फक्त खताचा चहाच देतोय. परड्यातल्या मिरचीची खालची पानं पिवळी पडलीत. (निपाणी)

मिरची उपाशी आहे. नत्र कमी पडलं की आधी जुनी, खालची पानंच पिवळी पडतात. हिशेब सोपा आहे: गांडूळ खतात नत्र दीड टक्का धरलं तर किलोभर खतात ते १५ ग्रॅम. त्यातलं बरंचसं पोटलीतच राहतं. चहा जंतू पोचवतो, जेवण नाही. दर झाडाला दोन मुठी गांडूळ खत आणि मूठभर शेंगदाणा पेंड बुंध्यापासून वीतभर लांब मातीत मिसळा. पेंडीत नत्र ७ टक्क्यांच्या आसपास असतं. मग त्यावर चहा द्या. पोटलीतला चोथाही तिथेच पसरा.

प्रश्न: कोथिंबिरीवर फवारला तर चालेल का? (चिकोडी)

नाही. कच्ची खायची कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात यांच्या पानांवर गूळ घातलेला चहा मारू नका. वाफ्यात द्यायचाच तर पेरणीआधी मातीला द्या.