डीकेए बरा झाला, मग हे काय? वाचकांचे प्रश्न

डायबेटिक कीटोॲसिडोसिस, म्हणजे डीकेए (इन्सुलिन कमी पडून रक्तात कीटोन नावाची आम्लं साठणं) झाल्यावर रक्ताच्या गाठी होतात का, हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की सगळ्यांना एकदमच उत्तर देते.

मुलगी ११ वर्षांची, टाइप १ मधुमेह (शरीरात इन्सुलिन तयार होत नाही तो). डीकेएमधून घरी येऊन चार दिवस झाले, शुगर १६०च्या आसपास आहे, पण डोकं सतत दुखतं आणि सकाळी उलटी होते. सासूबाई म्हणतात अशक्तपणा आहे. आठवडाभर बघू का?

नाही ताई, आजच न्या. शुगर खाली आली म्हणजे डीकेए संपला, हा समज मला रोज भेटतो आणि रोज त्रास देतो. डीकेएमध्ये वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के पाणी अंगातून जातं, म्हणजे ३० किलोच्या मुलीत दीड ते तीन लिटर. रक्त दाट होतं, वर रक्त गोठू न देणारी प्रोटीन सी आणि एस कमी पडतात, चिकटवणारा वॉन विलब्रँड फॅक्टर वाढतो, आणि मग क्वचित मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेतच गाठ धरते. मेंदूला सूज येते ते वेगळं, ती बहुतेक वेळा उपचार सुरू झाल्यावर पहिल्या १२ तासांत दिसते आणि डीकेएच्या शंभर मुलांत एखाद्यालाच होते. शिरेतली गाठ मात्र घरी आल्यावरही अशी डोकेदुखी, उलटी, दोन-दोन दिसणं, फिट, एका हातातली ताकद जाणं यातून कळू शकते. साधा सीटी स्कॅन नॉर्मल येऊ शकतो, म्हणून 'सीटी चांगला आहे' एवढ्यावर परत येऊ नका, एमआर व्हेनोग्राफी (एमआरआयवर मेंदूच्या शिरा दाखवणारी तपासणी) लागेल का असं स्पष्ट विचारा. दरवेळी गाठच निघेल असं अजिबात नाही, पण ते घरी बसून ठरत नाही.

मिस्टरांना डीकेएसाठी आयसीयूत ठेवलं तेव्हा जांघेतून लाईन (शिरेत नळी) घातली होती. आता तो पाय सुजलाय. तेल लावून चोळू का?

चोळायचं नाही. टेप घ्या, गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजा. ३ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर संशय पक्का, पण फरक कमी असला तरी डॉपलर (शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आजच करून घ्या. जांघेतली लाईन आणि डीकेए एकत्र आले की गाठीचा धोका वाढतो. दम लागला, छातीत दुखलं तर डॉपलरची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टी.

गाठ होऊ नये म्हणून रोज ॲस्पिरिन?

मनाने नाही. डॉक्टरांना विचारा.

काकांचा डीकेए झाला, आता एक गाल बधिर आहे आणि नाकात काळी खपली दिसते. कोविड तर नाहीये, मग काळी बुरशी कशी?

२०२१च्या कोविड लाटेमुळे लोकांना वाटतं म्युकर, म्हणजे ही काळी बुरशी, कोविडचाच. तो त्याच्या कितीतरी आधीपासून डीकेएच्या पेशंटना होत आलाय. रक्तात आम्ल वाढलं की लोह मोकळं होतं आणि ही बुरशी त्यावर वाढते, रक्तवाहिनीत शिरून ती बंद करते, पुढचा भाग मरतो, म्हणून तो काळा दिसतो. कान-नाक-घसा डॉक्टरांकडे आज, या तासाला. खपली खरवडू नका, नाकात तूप-तेल घालत बसू नका.

जांभळाच्या बियांच्या पावडरने इन्सुलिन घेणं बंद करता येतं अशी जाहिरात आलीय. मुलाला टाइप १ आहे.

अशा डब्या विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. टाइप १ मध्ये इन्सुलिन थांबवलं की डीकेए होतो, आणि वर लिहिलेलं सगळं तिथूनच सुरू होतं. १९२२ मध्ये इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला दिलं, त्याआधी ही मुलं जगत नव्हती. ताप आला, जेवण गेलं तरी इन्सुलिन बंद नाही. किती द्यायचं ते फोन करून डॉक्टरांना विचारा.

शुगर १९० असताना डीकेए होतो का?

होतो, खासकरून डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना. उलट्या होत असतील, श्वास खोल आणि जोरात चालला असेल तर नुसती शुगर बघू नका, कीटोन तपासा. रक्तातला कीटोन ३ (मिलिमोल प्रति लिटर) किंवा वर असेल तर लगेच निघा, गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या.