आता बास्केटपासून दूर जाऊन खेळ

प्रिय पोरा,

अनेक आशीर्वाद. बास्केटबॉल संघाकडून कराराचं पत्र आल्याचं कळलं, फार आनंद झाला. घरी पेढे वाटून झाले असतील, तेव्हा आता खेळाबद्दल बोलतो.

तू सहा फूट पाच इंच. आपल्याकडे एवढा उंच मुलगा दिसला की त्याला थेट बास्केटखाली उभं करतात. शाळेपासून तुझंही तेच झालं. रिबाउंड, म्हणजे हुकून परतलेला चेंडू, घ्यायचा, वळायचं, बोर्डवर चेंडू मारायचा; समोरच्याचा हात तुझ्यापर्यंत पोहोचायचाच नाही. मोठ्या पातळीवर मात्र या उंचीची मुलं गार्ड खेळतात, म्हणजे बास्केटपासून लांब राहून चेंडू हाताळतात आणि खेळ चालवतात, आणि तुझ्या डाव्या हातात चेंडू अजून टिकत नाही.

सतनामसिंग भामराचं मुद्दाम सांगतो. पंजाबातल्या बल्लो के गावचा, सात फूट दोन इंच उंच. चौदाव्या वर्षी तो फ्लोरिडातल्या अकादमीत गेला. जून २०१५मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या डॅलस मॅव्हरिक्स संघाने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, ५२व्या क्रमांकावर घेतलं. भारतात जन्मलेला असा पहिलाच खेळाडू. त्याच महिन्यात एनबीएच्या अंतिम मालिकेत गोल्डन स्टेट वॉरियर्सने चौथ्या सामन्यापासून सात फुटी अँड्र्यू बोगटला सुरुवातीच्या पाचांतून काढलं आणि सहा फूट सहा इंचांच्या आंद्रे इग्वाडालाला आणलं. विजेतेपद मिळालं, मालिकावीरही इग्वाडालाच. नुसत्या उंचीचा भाव उतरत असतानाच सतनाम तिथे पोहोचला होता. तो टेक्सस लेजंड्सकडून डी-लीग, म्हणजे एनबीएची खालची लीग, खेळला, एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. तो कष्टात कमी पडला, असं मला कधीच वाटलं नाही.

म्हणून रोज डाव्या हाताने, मान वर ठेवून ड्रिबल कर. ६.७५ मीटरच्या तीन गुणांच्या रेषेमागून शॉट मार, पण आधी कोर्टच्या दोन-चार स्प्रिंट काढून. ताज्या पायांनी पडलेल्या शॉटवर चौथ्या क्वार्टरमध्ये भिस्त ठेवता येत नाही. बचावात कोपऱ्यातल्या शूटरकडे धावताना शेवटची पावलं छोटी टाक. तू झेप घेतोस, आणि तो शांतपणे तुझ्या बाजूने आत शिरतो. गेल्या स्पर्धेत हे मी पुन्हापुन्हा पाहिलं.

जिममधून मिळालेला पावडरचा डबा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नकोस. २०१९मध्ये सतनामच्या नमुन्यात हायजेनामाइन हे बंदी असलेलं उत्तेजक सापडलं आणि दोन वर्षांची बंदी आली. हा पदार्थ काही सप्लिमेंटमध्येही असतो.

रेल्वेच्या स्पोर्ट्स कोट्याचा अर्जही भरून ठेव. नोकरी धरली म्हणजे खेळ सोडला, हे डोक्यातून काढ. पुण्याची शिरीन लिमये रेल्वेकडून खेळतच भारताची कर्णधार झाली.

आणि सही करण्याआधी करार वकिलाला दाखव. गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागलं तर खर्च कोणाचा आणि तेवढे महिने मानधन चालू राहणार का, हे कागदावर आल्याशिवाय पेन उचलू नकोस.

तुझे
सर