‘वाघ दिसला नाही, पैसे परत द्या’ म्हणणाऱ्या पाहुण्यांचं काय करायचं?

तुमचा प्रश्न वाचला. ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली गेटजवळ तुमचा होमस्टे नवाच आहे. पुण्याच्या एका कुटुंबाला दोन सफारींत वाघ दिसला नाही. खोली, जेवण आवडलं असं लिहूनही त्यांनी एकच स्टार दिला आणि अर्धे पैसे परत मागितले. ते द्यावेत का, आणि यापुढे बुकिंग घेताना ‘सायटिंग नक्की’, म्हणजे वाघ दिसणारच, असं म्हणावं का, असं तुम्ही विचारलं आहे.

पैसे देऊ नका. प्रवेशशुल्क वनविभागाकडे जमा झालं, जिप्सीचं, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीचं, भाडं आणि गाईडचं मानधन त्यांच्या त्यांच्या हातात गेलं. तुमच्याकडे राहिले ते खोलीचे आणि जेवणाचे पैसे, आणि त्याबद्दल त्यांची तक्रारच नाही. एकदा परत दिलेत की दर सोमवारी हीच मागणी येईल. गरम पाणी आलं नसेल, डबा वेळेवर मिळाला नसेल, तर मात्र न मागता पैसे कमी करा. ती चूक तुमची असते.

आता मूळ मुद्दा. ही तक्रार जंगलात तयार होत नाही, बुकिंगच्या फोनवर तयार होते. पाहुणा विचारतो, ‘वाघ दिसेल ना?’ आणि आपल्याकडचे बहुतेक जण म्हणतात, ‘हो हो, काल तर चार दिसले.’ बुकिंग पक्कं होतं आणि भांडणही तिथेच पक्कं होतं. मी फोनवर स्पष्ट सांगतो: ताडोबाचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य संरक्षित भाग, सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा, त्यातला जास्तीत जास्त वीस टक्के भाग पर्यटनासाठी वापरता येतो, आणि जिप्सी ठरलेल्या रस्त्यांवरच फिरते. वाघाला सगळं रान मोकळं आहे. एप्रिल-मेमध्ये पाणी पाणवठ्यांपुरतं उरतं, गवत वाळतं, तेव्हा शक्यता चांगली. ऑक्टोबरमध्ये गवत उंच असतं, तेव्हा कमी. पण मे महिन्यात चंद्रपूरचं ऊन पंचेचाळीस अंशांच्या वर जातं, हेही त्याच फोनवर सांगतो. आजी-आजोबा किंवा तान्हं मूल सोबत असेल तर डिसेंबर सुचवतो. एवढं ऐकून काही जण दुसरीकडे बुकिंग करतात. करू द्यावं. जे येतात ते काय मिळणार हे जाणून येतात.

दुसरी गोष्ट, ‘वाघ दिसला नाही’ या वाक्याखाली बरेचदा वेगळंच काहीतरी दडलेलं असतं. पहाटे साडेचारला उठवलेलं पोर उघड्या जिप्सीत कुडकुडतं, आईच्या डोळ्यांत धूळ जाते, कंबरदुखीवाल्या काकांना मागच्या सीटवर बसवलेलं असतं. ती सीट उंच, दिसतं छान, पण धक्के सगळ्यात जास्त तिथेच. दहा वाजता उपाशी परत येतात. वाघ दिसला असता तर हे सगळं विसरले असते. म्हणून घोंगड्या तुम्ही द्या, तोंडाला बांधायला रुमाल आणायला सांगा, निघताना चहा-बिस्किटं आणि परत आल्याबरोबर गरम पोहे तयार ठेवा, काकांना पुढे बसवायची विनंती आदल्या रात्रीच चालकाला करा. ओळखपत्र मूळ हवं, कोअरमध्ये मोबाईल वापरायला परवानगी नाही, मंगळवारी गेट बंद, पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद, हे बुकिंगच्या दिवशी लेखी पाठवा. गेटवर पहाटे कळलं की चिडचिड तुमच्या खात्यावर जमा होते.

रात्री जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं पाहुण्यांबरोबर बसा. वाघाची चाहूल लागली की सांबर ओरडून इशारा देतं, तो ‘कॉल’ कसा असतो, वानर झाडाच्या शेंड्यावरून कसं खाकरतं, चितळं एकाच दिशेला टक लावून उभी राहिली की गाईड जिप्सी का बंद करायला लावतो, हे सांगा. ज्याला हे माहीत असतं त्याची इंजिन बंद करून गेलेली वीस मिनिटं थरारात जातात; ज्याला माहीत नसतं त्याला वाटतं, गाडी उगाच उभी केली. रानगवा, अस्वल, रानकुत्र्यांची टोळी, ताडोबा तलावावरच्या मगरी, पांढऱ्याफटक खोडाचं कांडोळाचं झाड, रस्त्याकडेचे गोंडकालीन दगडी खांब, ज्याच्यावरून जंगलाला नाव पडलं तो तारू देव, हे सगळं आधी कानावर पडलेलं असलं की दिसतं.

आणि परत आल्यावर ‘दिसला का?’ असं विचारू नका. मोहर्लीत चहाच्या टपरीपासून प्रत्येक जण तेच विचारतो, आणि नाही म्हणताना माणसाचं तोंड उतरतं. तुमच्या स्वयंपाकघरातल्या मंडळींनाही सांगून ठेवा. ‘काय काय पाहिलंत?’ असं विचारलं की लहान मूल आधी बोलू लागतं.

‘नक्की दाखवतो’ का म्हणू नये, याचं सगळ्यात मोठं कारण अजून सांगायचंय. त्या शब्दाचं ओझं चालक आणि गाईडवर पडतं. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या बछड्यांना जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवल्याचा व्हिडिओ पसरला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक-गाईडवर निलंबनाची आणि दंडाची कारवाई झाली. पर्यटक आपापल्या घरी गेले. रोजी बुडाली ती गावातल्या पोरांची. म्हणून ‘वाघ दाखव, दोन हजार देतो’ असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे थांबवा. बक्षीस द्यायचंच तर गाईडनं जंगल कसं दाखवलं त्यावर द्या, हे मी प्रत्येक पाहुण्याला जिप्सीत चढण्याआधी सांगतो. या गावांचं जंगलावर पोट आहे आणि वाघानं माणूस, गुरं मारली की झळही त्यांनाच बसते. त्यांच्या मानेवर आपला धंदा ठेवायचा नाही.

त्या एका स्टारला उत्तर जरूर द्या, पण वाद घालू नका. मी असतो तर एवढंच लिहिलं असतं: ‘खोली आणि जेवण आवडलं हे वाचून बरं वाटलं. वाघ दिसला नाही याची रुखरुख समजू शकतो. दर्शनाची खात्री आम्ही कुणालाच देत नाही आणि हे बुकिंगच्या वेळी कळवतो. पुन्हा याल तेव्हा कोणत्या महिन्यात यावं, त्याबद्दल आधी फोनवर बोलू.’ यातलं ‘बुकिंगच्या वेळी कळवतो’ हे वाक्य तुम्ही खरोखर कळवलं असेल तरच टाका. नसेल तर या खेपेला ते गाळा आणि पुढच्या पाहुण्यापासून कळवायला सुरुवात करा.