सोलापुरात माझ्या बिअर्डेड ड्रॅगनने (पाळीव सरड्याने) खाणं कमी केलंय, काय करू?

तीन वर्षांचा आहे म्हणता, मग रोज किडे नकोतच. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे, बाकी पाला. आधी ऊब तपासा. सोलापूर म्हणजे उन्हाचं गाव, पण डिसेंबरच्या रात्री इथेही गारठा असतो. दिव्याखालचा दगड ४० अंशांच्या आसपास तापला नाही तर खाल्लेलं पचत नाही, मग तो खातच नाही. यूव्हीबी ट्यूब (अतिनील किरण देणारी नळी) जुनी झाली असेल तर बदला. उजेड दिसतो, किरण संपलेले असतात.

माझा असाच रुसला होता. शेवग्याचा पाला ढुंकून पाहिला नाही, वर जास्वंदीची लाल पाकळी ठेवली तर लगेच जीभ! पालक रोज नको. घरातली झुरळं तर मुळीच नकोत, औषध मारलेली असतात. थंडीत सुस्तावणं चालतं, पण दर आठवड्याला वजन करा. घटत असेल तर सरपटणारे प्राणी पाहणारा डॉक्टर गाठा.